‘करला’ की ‘केला’? : भूतकाळाच्या अनियमित रूपांविषयी



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गाला आम्ही ‘आमची सहल’ हा निबंध घातला होता. सहल गोवळकोंड्याची. वह्या तपासताना एका वहीत जो परिच्छेद मिळाला, तो शुद्धलेखनाच्या एक-दोन चुका सोडल्यास जसाच्या तसा येथे देत आहोत. मुलाचे नाव अर्थातच देत नाही.

‘आम्ही सकाळी बसने गोवळकोंड्याला गेलो. फतेह दरवाज्यात टाळी वाजवलो. टाळीचा आवाज वर बाला हिसारला ऐकू आला. मग आम्ही वर चढलो. मॅडम कुतुबशहाची गोष्ट सांगल्या. मी डबा खाल्लो आणि पाणी पिलो. एका मुलाने माकडाला बिस्कीट दिला. माकड बिस्कीट घेऊन पळला. आम्ही खूप मजा करलो.’

शिक्षक-खोलीत ही वही हातोहात फिरली. थोडे हसूही झाले, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी या मुलाची आई शाळेत आली आणि तिने सांगितले ते ऐकून आमचे हसू मावळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा नांदेडला मामाकडे गेला होता. पहिल्याच दिवशी तो ‘मी अभ्यास करलो’ म्हणाला आणि मामेभावंडे खो-खो हसली. त्यानंतर महिनाभर तो तेथे हिंदीतच बोलला. आजीशीसुद्धा! आजीला हिंदी फारसे येत नाही. ती आपली ‘काय रे बाळा?’ म्हणायची आणि हा मान हलवायचा.

म्हणून या अंकातील व्याकरणाचा पाठ आम्ही ‘करला’ आणि ‘केला’ या दोन शब्दांसाठी राखून ठेवला आहे. तो जितका मुलांसाठी आहे तितकाच घरातल्या मोठ्यांसाठी आहे.

प्रथम त्या परिच्छेदाकडे पुन्हा पाहू. त्यात चुका किती हे सगळ्यांना चटकन दिसते. पण बरोबर काय आहे? ‘गेलो’ बरोबर आहे, ‘आला’ बरोबर आहे, ‘चढलो’ही बरोबर आहे. ‘चढ’ या धातूला ‘ला’ लावला की ‘चढला’ होते, त्यात विशेष काही नाही. परंतु ‘जा’ या धातूचे ‘गेला’ आणि ‘ये’ या धातूचे ‘आला’ होणे ही केवढी अवघड गोष्ट आहे! मूळ शब्दाचा एक वर्णही शिल्लक राहत नाही. तरी या मुलाने ‘आम्ही गोवळकोंड्याला जालो’ असे लिहिले नाही, की ‘आवाज ऐकू येला’ असेही लिहिले नाही. सर्वांत अवघड ते त्याला बिनचूक येते, आणि त्या मानाने सोपे असलेले ‘सांगितले’, ‘पळाले’ मात्र चुकते. असे का व्हावे?

याचे उत्तर मिळण्यासाठी मराठीचा भूतकाळ कसा घडतो ते पाहावे लागेल.

नेहमीचा नियम सोपा आहे. धातूला ‘ल’ लावायचा आणि लिंग-वचनाप्रमाणे ला, ली, ले, ल्या करायचे. बसला, पडली, वाचले, आणल्या. मोरो केशव दामले यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याला लाख्यात म्हटले आहे. मराठीतले बहुतेक सर्व धातू या नियमाने चालतात. नवे धातूही याच वाटेने जातात. आम्ही वर्गात एक गंमत करून पाहिली. ‘गुपटणे’ असा कोणत्याही कोशात नसलेला शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हटले, ‘आज रामू गुपटतो, काल रामू...?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘गुपटला!’ त्या मुलांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे त्यांनी तो आठवला नाही, घडवला. (ही युक्ती आमची नव्हे. जीन बर्को या अमेरिकन विदुषींनी १९५८ साली लहान मुलांना असेच बनावट शब्द देऊन त्यांच्या डोक्यातील व्याकरण तपासले होते.)

आता ‘करला’ याकडे पाहा. जो मुलगा ‘गुपटला’ म्हणतो तोच ‘करला’ म्हणतो. दोन्ही ठिकाणी त्याने एकच नियम लावला. नियम त्याला पक्का येतो म्हणून तर तो चुकला! ‘केला’ हे रूप मात्र नियमाने घडत नाही, ते कानांनी ऐकून लक्षात ठेवावे लागते. दोन-तीन वर्षांचे मूल आधी ऐकलेले ‘केलं’ जसेच्या तसे म्हणते, पुढे नियम सापडला की ‘करलं’ म्हणू लागते, आणि घरात शंभर वेळा ‘केलं’ ऐकले की पुन्हा ‘केलं’वर येते. इंग्रजी मुलेही ‘वेंट’ म्हणता म्हणता मध्येच ‘गोड’ म्हणू लागतात. हा मधला टप्पा अनेक भाषांतील मुलांमध्ये दिसतो. आमच्या मुलांची अडचण एवढीच की ते शंभर वेळा ऐकणे आता होत नाही. मग मूल मधल्याच पायरीवर थांबते.

हे ‘केला’, ‘गेला’ आले तरी कोठून? आठवीपासून संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना हे लवकर समजेल. संस्कृतात कृ–कृत, गम्–गत, मृ–मृत अशी रूपे आहेत. प्राकृतात बोलता बोलता मधला ‘त’ गळाला आणि कअ, गअ, मअ एवढेच उरले. त्याला पुढे ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि त्यातून केला, गेला, मेला तयार झाले. तीन शब्दांचा एकच साचा आहे, हे कधी लक्षात आले होते का? तसेच आगत या शब्दापासून ‘आला’, आणि जात (म्हणजे जन्मलेला, झालेला) या शब्दापासून ‘जाला’. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत ‘जाला’, ‘जाहला’ अशीच रूपे आढळतात, त्याचे आपण आज ‘झाला’ करतो. तेव्हा ज्यांना आपण अनियमित म्हणतो ती रूपे वेडीवाकडी नाहीत. ती जुनी आहेत. त्यांच्या काळी तीही नियमानेच घडली होती. पुढे भाषेने नियम बदलला, आणि ही मंडळी मात्र जुन्या वाड्यातच राहिली.

सगळीच राहिली असे नाही. जुन्या मराठीतले ‘दिधले’ गेले आणि ‘दिले’ राहिले. आपल्या शेजारभाषांतही हेच चालू आहे. बंगालीत पूर्वी ‘कोइलो’ असे आपल्या ‘केला’सारखे रूप होते, आज सारे बंगाली ‘कोरलो’ म्हणतात. म्हणजे चक्क ‘करला’! गुजरातीत ‘कीधुं’ आणि ‘कर्युं’ ही दोन्ही रूपे नांदतात. तेव्हा ‘करला’ ऐकून पोट धरून हसणाऱ्या मामेभावंडांनी एवढे ध्यानात ठेवावे की कोट्यवधी लोकांच्या एका मोठ्या भाषेने हीच ‘चूक’ केली आणि ती पचवलीही. मराठीने ती केलेली नाही, म्हणून मराठीत ‘केला’च बरोबर. यात शंका नाही. पण हसण्याजोगे त्यात काही नाही.

मग एखादे जुने रूप टिकते आणि दुसरे बुडते ते का? याचा एक सुरेख हिशेब अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली मांडला. त्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली आणि आज त्यांचे काय झाले ते पाहिले. त्यातील ९८ आजही अनियमित आहेत, बाकीची नेहमीच्या नियमाला शरण गेली. ‘हेल्प’चे भूतकाळी रूप पूर्वी ‘होल्प’ होते, आज ते ‘हेल्प्ड’ आहे. त्यांना असे आढळले की जे क्रियापद जितके जास्त वापरात, तितके त्याचे जुने रूप जास्त काळ टिकते. जाणे, येणे, होणे, करणे, देणे, खाणे. दिवसातून पन्नास वेळा जे तोंडी येते ते विसरायला सवडच मिळत नाही. आमच्या विद्यार्थ्याला ‘गेलो’ आणि ‘आला’ अचूक का आले याचे उत्तर येथे आहे. हे दोन शब्द त्याच्या घरात अजून रोज बोलले जातात. ‘बाबा आले’, ‘दूधवाला गेला’. ‘सांगितले’, ‘पळाले’, ‘प्याले’ बोलले जात नसावेत.

हे केवळ हैदराबादेतच घडते असेही नाही. आमची एक माजी विद्यार्थिनी नेदरलंड्समध्ये स्थायिक झाली आहे. गेल्या वर्षी ती मुलाला घेऊन शाळा पाहायला आली, तेव्हा त्याच्या वहीत आम्हांला तीन रकान्यांची एक यादी दिसली. डच क्रियापद, त्याचे भूतकाळी रूप आणि तिसऱ्यात धातुसाधित. डचमध्ये ‘ग’ घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळचा उच्चारतात. त्यामुळे जाणे म्हणजे ‘खान’, आणि गेला म्हणजे ‘खिंग’. येणे म्हणजे ‘कोमेन’, आला म्हणजे ‘क्वाम’. चालणे ‘लोपेन’, चालला ‘लीप’. विचार करणे ‘देंकेन’, विचार केला ‘दाख्त’. नेहमीच्या डच क्रियापदांना ‘ते’ किंवा ‘दे’ लागते. डच घरांतली लहान मुले ‘लीप’ऐवजी ‘लोप्ते’ म्हणतात, आणि त्यांच्या आया न हसता वाक्य बरोबर करून परत म्हणतात. (याच डचांच्या कंपनीने सतराव्या शतकात गोवळकोंडा राज्यातल्या मच्छलीपट्टणला वखार घातली होती. सहलीतल्या मुलांना हे सांगायचे आमचे राहूनच गेले.)

त्या मुलाला आम्ही सहज विचारले, ‘ही यादी तू पाठ केलीस का?’ तो म्हणाला, ‘शाळेत करून घेतात. पण खेळताना ऐकलेली तेवढीच लक्षात राहतात.’ हे उत्तर त्याने अर्धे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत दिले, पण ‘केलीस’ला ‘केली’ असे अचूक उत्तर द्यायला तो चुकला नाही. घरी आई त्याच्याशी मराठीच बोलते.

आता आपल्या परिच्छेदातील दुसऱ्या प्रकारच्या चुकांकडे वळू. ‘टाळी वाजवलो’, ‘डबा खाल्लो’. येथे रूप घडवण्यात चूक नाही. ‘वाजव–वाजवला’, ‘खा–खाल्ला’ बरोबरच आहे. चूक आहे ती क्रियापद कोणाच्या मागे जाते याची. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याच्या नव्हे, कर्माच्या मागे जाते. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. टाळी स्त्रीलिंगी म्हणून ‘वाजवली’. डबा पुल्लिंगी म्हणून ‘खाल्ला’. बिस्कीट नपुंसकलिंगी म्हणून ‘दिले’. खाणारा मुलगा असो वा मुलगी, एक असो वा चाळीस, ‘डबा खाल्ला’च.

आमच्या मुलांना हे जड जाते, आणि त्याला सबळ कारण आहे. आपल्या भोवती जी तेलुगू बोलली जाते तीत क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जाते. ‘नेनु पनि चेशानु’, म्हणजे शब्दशः ‘मी काम केलो’. आणि आपली हैदराबादी दखनी? पुस्तकी हिंदीत ‘मैंने काम किया’ असते, पण येथल्या गल्लीत ‘ने’ कोण लावतो! ‘हम काम करे’, ‘मैं रोटी खाया’ हेच कानावर पडते. दोन्ही बाजूंनी एकच ताल ऐकणाऱ्या मुलाने ‘मी डबा खाल्लो’ म्हटले तर नवल ते काय? इतकेच नव्हे, सोलापूर, लातूर, नांदेड या भागांत, जेथे मराठीला कन्नड आणि तेलुगूचा शेजार आहे, तेथे मराठीच बोलणारी माणसे ‘मी काम केलो’ म्हणतात. नांदेडच्या भावंडांनी हसण्यापूर्वी आपल्याच आळीत कान देऊन फिरायला हरकत नव्हती.

मात्र परीक्षेत, निबंधात आणि सभेत प्रमाण मराठी लिहावी-बोलावी लागते, तेव्हा ती यायलाच हवी. त्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. वह्या तपासताना आमच्या लक्षात आले की मुले ‘मी’ आणि ‘आम्ही’ असलेल्या वाक्यांतच चुकतात. ‘त्याने डबा खाल्लो’ असे कोणीच लिहीत नाही. आपल्या परिच्छेदातही ‘एका मुलाने ... दिला’ येथे गोंधळ आहे तो फक्त बिस्किटाच्या लिंगाचा. कारण ‘त्याने’, ‘मुलाने’ यातला ‘ने’ आपल्याला सावध करतो. ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही. पूर्वी तो वेगळ्या रूपात दिसत असे, ‘म्या’ असा. जुन्या पिढीतल्या, विशेषतः खेड्यातून आलेल्या आजीबाई अजून ‘म्या केलं’, ‘त्वा पाहिलं’ म्हणतात. नातवंडांना ते गावंढळ वाटते. पण व्याकरणाच्या दृष्टीने आजीचे ‘म्या’ आपल्या ‘मी’पेक्षा अधिक स्पष्ट आहे! तर युक्ती अशी : ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात शंका आली की मनात ‘मी’च्या जागी ‘त्याने’ ठेवून पाहा. त्याने टाळी वाजवली, म्हणून मीही टाळी वाजवली. त्याने मजा केली, म्हणून आम्हीही मजा केली. आणि ‘तो चढला’ असे म्हणावे लागते, ‘त्याने चढला’ असे नव्हे, म्हणून ‘मी चढलो’ हेच बरोबर.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. एखादी मुलगी ‘मी चहा घेतली’ म्हणते. ती स्वतः मुलगी आहे म्हणून ‘घेतली’ म्हणाली, की हिंदीत ‘चाय’ स्त्रीलिंगी म्हणून? सांगता येत नाही. तिला दूध देऊन पाहावे! ‘मी दूध घेतली’ म्हणाली तर चूक प्रयोगाची. ‘दूध घेतले’ म्हणाली तर चूक फक्त चहाच्या लिंगाची. औषध वेगवेगळे, म्हणून आजार आधी ओळखावा.

सातवीतल्या एका विद्यार्थ्याने यावर आम्हांला पेचात पकडले. तो म्हणाला, ‘मग मी डबा विसरलो, हे बरोबर कसे?’ प्रश्न अगदी योग्य आहे. शिकणे, विसरणे, बोलणे, समजणे, नेसणे, म्हणणे अशी काही मोजकी क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याच्याच मागे जातात. मी कविता शिकलो, ती गोष्ट विसरली, आई साडी नेसली. पिणे हे यात मोडते, म्हणून ‘मी पाणी प्यालो’ चालते. येथे ‘त्याने’ची युक्तीच आपल्याला वाचवते : ‘तो डबा विसरला’ असे कान सांगतो, ‘त्याने डबा विसरला’ असे सांगत नाही. का, असे विचारू नये. आम्हीही आमच्या गुरुजींना विचारले होते आणि छडी खाल्ली होती.

पिण्याचा विषय निघालाच आहे तर ‘पिलो’चेही सांगून टाकू. मराठवाड्यात, विदर्भात ‘पाणी पिलं’ सर्रास बोलतात. पुस्तकी रूप ‘प्याला’ किंवा ‘प्यायला’. भिणे याचे ‘भ्याला’ तसेच.

बाकीच्या अनियमित धातूंचे काही गट आहेत. ते एकत्र वाचले की कानाला त्यांची चाल सापडते. सांग, माग, बघ यांना मध्ये ‘इत’ लागते : सांगितले, मागितले, बघितले. (‘मागला’ म्हणजे तर पाठीमागचा! ‘त्याने पेन मागला’ या वाक्यात पेन मागच्या बाकावर जाऊन बसते.) घे, धू, घाल यांना ‘त’ : घेतले, धुतले, घातले. आमच्याकडे ‘शर्ट घाललो’ फार ऐकू येते, तिकडे लक्ष द्यावे. पाह, राह, लिह, वाह अशा ‘ह’ने संपणाऱ्या धातूंना ‘इ’ लागते : पाहिले, राहिले, लिहिले, वाहिले. आणि पळ, उड, निघ, मिळ, बुड यांना ‘आ’ : पळाला, उडाला, निघाला, मिळाला, बुडाला. हे सारे आपोआप घडणाऱ्या क्रियांचे शब्द आहेत. दुसऱ्याने घडवले की ‘आ’ नाहीसा होतो : चेंडू उडाला, पण मी चेंडू उडवला. मात्र यावरून ‘बसाला’, ‘पडाला’ करू नये. ही चाल आहे, नियम नव्हे. माकड तर नपुंसकलिंगी, म्हणून ‘माकड पळाले’.

एका शब्दावर मात्र जरा थांबायला हवे, तो म्हणजे ‘म्हणणे’. ‘तो म्हणाला, मी येतो’ आणि ‘त्याने गाणे म्हटले’ अशी याची दोन रूपे आहेत, दोन्ही बरोबर. आमच्या मुलांच्या तोंडून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला आहे. हिंदीतल्या ‘वो बोला’वरून सगळे ‘तो बोलला’ म्हणतात. ‘मम्मी बोलली की आज यायचे नाही.’ मराठीत बोलणे म्हणजे तोंडाने शब्द काढणे, संभाषण करणे. बाळ बोलले, पाहुण्यांशी बोललो. एखाद्याचे शब्द सांगायचे असतील तर ‘म्हणाली’. ‘बोलला’ हे रूप नियमित आणि सोपे, ‘म्हणाला’ अवघड, म्हणून सोप्याने अवघडाची जागा घेतली. व्याकरणाच्या पेपरात ही चूक म्हणून दिसतही नाही. ‘बोलला’ हा शुद्ध मराठी शब्दच आहे ना! आम्हांला ‘करला’पेक्षा याची काळजी अधिक वाटते.

संस्थेच्या सभेत एका विश्वस्तांनी विचारले की मुलांकडून ही रूपे पाढ्यांसारखी पाठ का करून घेत नाही. सूचना प्रेमाने केलेली होती, म्हणून तिचे उत्तरही सविस्तर देतो. पाठ करून घेता येतील, आम्ही थोडी घेतोही. पण बोलताना कोणी यादी आठवत बसत नाही. पाठ केलेले ‘सांगितले’ प्रश्नपत्रिकेत उतरते आणि मधल्या सुट्टीत पुन्हा ‘सांगला’ होते. आमच्या लहानपणी आम्ही हे कोठे शिकलो? शाळेत नक्कीच नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते जिल्हे मुंबई राज्यात गेले, तरी नातीगोती राहिली. सुना तिकडून आल्या, मुली तिकडे दिल्या, दर सुट्टीत मुले आजोळी गेली. सुलतान बाजारातल्या घराघरांत दुपारी बायका कालच्या लग्नाची हकीकत सांगत आणि आम्ही कोपऱ्यात बसून ऐकत असू. ‘मग ती म्हणाली... मग त्यांनी सांगितलं... मग ती जी निघाली...’ हकीकत म्हणजे सगळा भूतकाळच! आज्ञा आणि प्रश्न यांत भूतकाळ फारसा येत नाही. ‘ऊठ’, ‘दूध पी’, ‘गृहपाठ कर’, ‘किती वाजले?’ एवढीच मराठी ज्या घरात उरते, त्या घरातल्या मुलाला ‘प्याला’ आणि ‘केला’ ऐकायला मिळणार कधी?

म्हणून पाढ्यांऐवजी आम्ही दुसरे सुरू केले आहे. दर शनिवारी शेवटच्या तासाला पाचवी व सहावीच्या वर्गात एखाद्या आजी किंवा आजोबांनी येऊन स्वतःची एक जुनी हकीकत सांगायची. पंधरा-वीस मिनिटे पुरे. भाषा त्यांची नेहमीची असावी, मुद्दाम पुस्तकी करू नये, ‘म्या’ आले तर उत्तमच. नंतर मुलांनी तीच हकीकत आपल्या शब्दांत सांगायची. त्या वेळी चूक झाली तर आम्ही थांबवत नाही. मूल म्हणाले, ‘मग चोर पळला’, तर आम्ही म्हणतो, ‘हो का? चोर पळाला? पुढे काय झाले?’ बस्स, इतकेच. त्या डच आयांचीच पद्धत. घरीही असेच करावे अशी पालकांना विनंती आहे. रात्री जेवताना दिवसातली एक गोष्ट मोठ्यांनी सांगावी आणि एक मुलांनी. ज्या आजी-आजोबांना शनिवारी यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावे.

निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या आजी दिवाळीनंतर नांदेडहून येणार आहेत. त्यांचे नाव आम्ही आधीच लिहून ठेवले आहे.

सराव

१. पुढील वाक्ये भूतकाळात लिहा : मी भाकरी खातो. आम्ही पत्र लिहितो. ती पाणी मागते. पोपट उडतो. तू काय करतोस? मुली कपडे धुतात. आई म्हणते, ‘लवकर ये.’

२. पुढील वाक्यांत ‘मी’च्या जागी ‘त्याने’ किंवा ‘तो’ यांपैकी काय बसते ते पाहून वाक्य दुरुस्त करा. एक वाक्य मुळातच बरोबर आहे, ते ओळखा : मी गृहपाठ केलो. मी पोळी भाजलो. मी चष्मा विसरलो. मी सिनेमा पाहिलो.

३. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला त्यांच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची हकीकत विचारा. त्यांनी वापरलेली भूतकाळाची पंधरा रूपे जशी ऐकली तशी वहीत उतरवा. पुस्तकातल्या रूपापेक्षा वेगळे रूप ऐकू आले तर त्याखाली रेघ मारा, खोडू नका.

उत्तरे पुढील अंकात.